अँटेनावरचे आजोबा

लिएंडर पेसने क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचला दिल्लीच्या हिरवळीवर पाच सेटमध्ये हरवले, तो 1995 च्या सप्टेंबरमधला डेव्हिस कप या देशादेशांतल्या टेनिस स्पर्धेचा सामना आपण पाहिला, असे मी गेली कित्येक वर्षे लोकांना सांगत आलो आहे. हे विधान सर्वस्वी खोटे नाही. सामना चालू असताना मी डोळे उघडे ठेवून पाहतच होतो. फक्त जे पाहत होतो ते एका कावळ्याचे शेपूट होते, एवढा तपशील मी आजवर गाळत आलो.

पितृपक्ष चालू होता आणि आजोबांची तिथी नेमकी त्याच दिवशी आली होती. इंदूरच्या रामबागेतले आमचे घर अशा दिवशी सकाळपासून सोवळ्यात असे, आणि टीव्ही सोवळ्यात येतो की ओवळ्यात, याचा निर्णय कोणीच केलेला नसल्यामुळे तो बंद ठेवण्याची रीत होती. ती रीत त्या दिवशी गुरुजींनी मोडली. पितृपक्षात गुरुजी मिळणे किती कठीण, हे ज्यांच्या घरी श्राद्ध होते त्यांना सांगायला नको. ते येतात हाच उपकार असतो, आणि ते कधी येतात हा प्रश्न विचारायचा नसतो. आमचे गुरुजी मात्र सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी आले, लूना भिंतीला टेकवली, पाय धुतले आणि संकल्पाच्या आधी काकांना विचारते झाले, "टीव्ही चालतो ना?" त्यांनी आपला पाट असा काही मांडून घेतला की दक्षिण दिशा आणि टीव्ही या दोन्ही गोष्टी एका नजरेत बसाव्यात.

टीव्ही चालत होता, पण चित्र गच्चीवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पुण्याईवर अवलंबून असे. अँटेनाचा लोखंडी पाइप खालच्या पट्टीत सैल झाला होता आणि हात सोडला की तो आपल्या मनाने वळत असे. घरात सर्वांत धाकटा पुरुष मी. शिवाय कावळ्यासाठी वाढलेले पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून त्यावर लक्ष ठेवणे हेही धाकट्याचेच काम. एका माणसात दोन कामे होतात, हे पाहून सगळ्यांना फार समाधान वाटले. जिन्यात चुलत बहीण उभी राहिली. खालची बातमी वर आणि वरची बातमी खाली पोहोचवणे हे तिचे खाते.

पहिली बातमी आली ती वाईट. पहिला सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे सहा-सहा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, गेला आणि पेस तो हरला. काकांचा आवाज जिन्यातून स्वतःच वर येत होता. यजमान देशाला मैदानाचा पृष्ठभाग निवडता येतो म्हणून आपण गवत निवडले. पण समोरचा डावखुरा राक्षस 1992 आणि 1994 अशा दोन वर्षी विंबल्डनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता तोही गवतावरच, हे निवडणाऱ्यांना कोणी सांगितले नाही का, असा त्यांचा सवाल होता. तो जगातल्या पहिल्या दहांत, आणि आपला बावीस वर्षांचा पेस पहिल्या शंभरातही नाही. दुसरा सेटही चार-सहा असा गेला. "पिंड ठेवू या का?" असे गुरुजींनी विचारले ते श्राद्धाच्या संदर्भातच असावे, पण काका त्यांच्यावर उखडले.

त्याच सुमारास कावळा आला. येऊन तो पानावर उतरला नाही. थेट अँटेनाच्या टोकाच्या दांडीवर बसला. त्याच्या भाराने पाइप किंचित कलला आणि खालून एक आरोळी उठली. चित्र इतके स्वच्छ झाले होते की म्हणे हिरवळीवरचा चेंडू दिसू लागला. "हलू नकोस," असा निरोप आला. तो मला होता की कावळ्याला, हे बहिणीने स्पष्ट केले नाही.

तिसरा सेट पुन्हा टायब्रेकपर्यंत गेला आणि या वेळी तो पेसने घेतला. आता घरात दोन पक्ष पडले. काकू गच्चीत येऊन कावळ्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्याने खाली उतरून घास घ्यावा म्हणून एकेक कबुली देऊ लागल्या: जिना रंगवू, धाकट्या आत्याशी बोलणे सुरू करू, मागच्या खोलीचे भाडेकरू काढणार नाही. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यातून त्याच आठवड्यात, 21 सप्टेंबरच्या गुरुवारी, देशभरातले गणपती दूध प्यायले होते. त्या दिवशी दुधासाठी उडालेली झुंबड काकूंनी डोळ्यांनी पाहिली होती. दगडाचा देव दूध पितो तर जिवंत कावळा वडा का खाणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद मला तरी बिनतोड वाटला. खालून काका मात्र ओरडून सांगत होते की त्याला कोणी बोलावू नका, बसू द्या. शेवटी काकांनीच तोड काढली. आजोबा होळकर संस्थानात कारकून असताना संध्याकाळी क्लबाच्या कुंपणाबाहेर सायकल धरून साहेबांचे टेनिस पाहत असत. "बाबाच आलेत ते. मॅच संपल्याशिवाय खाली उतरायचे नाहीत." काकूंनी डोक्यावरून पदर घेतला आणि अँटेनाला नमस्कार केला.

मधल्या मध्ये माझे हाल कोणी विचारात घेतले नाहीत. कावळा जेवल्याशिवाय घरात कोणी जेवायचे नाही, आणि सामना संपल्याशिवाय कावळा जेवायचा नाही, असा तो पेच होता. उन्हात पाइप तापला होता. खालून वड्यांचा आणि अळूच्या भाजीचा वास जिन्याने वर येत होता. चौथा सेट पेसने सहा-चार असा जिंकल्याचे कळले तेव्हा माझ्या पोटात जे झाले त्याला देशप्रेम म्हणता येणार नाही. त्यात काकांनी गुरुजींना माहिती पुरवली: डेव्हिस कपमध्ये टायब्रेक 1989 साली आला खरा, पण पाचव्या सेटला तो लागू नाही, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत तो कितीही लांबू शकतो, आणि टायब्रेक मुळीच नव्हता तेव्हा, 1982 साली, सेंट लुइसला अमेरिकेचा मॅकेन्रो आणि स्वीडनचा विलँडर सहा तास बावीस मिनिटे खेळत होते. "सहा तास बावीस मिनिटे!" असे गुरुजी हर्षाने उद्गारले. त्यांना आणखी दोन घरी जायचे होते, पण त्यांच्या स्वरात घाई नव्हती. त्यांचे तोपर्यंत निदान केळे तरी खाऊन झाले होते.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या खिशात शेव होती. सकाळी गच्चीवर येताना डब्यातून मूठभर घेतली होती, कारण इंदूरचा माणूस शेवेवाचून पोह्यांना हात लावत नाही, मग उपाशी राहायला कसा निघेल? श्राद्धाच्या दिवशी, कावळ्याच्या आधी, तीही हरभऱ्याच्या पिठाची: पापाच्या तिन्ही पायऱ्या मी एका घासात चढणार होतो. पाचव्या सेटमध्ये पेस पाच-एक असा पुढे असल्याचा पुकारा झाला, काकू धावत खाली गेल्या, आणि मी एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने ती मूठ तोंडाकडे नेली. हात घामेजलेला होता. निम्मी शेव कठड्यावरच्या पानात सांडली.

कावळ्याने मान तिरकी केली. साडेतीन सेट... नव्हे, चित्र स्वच्छ झाल्यापासून जवळजवळ तीन सेट जो खिरीला, वड्याला, भोपळ्याच्या भाजीला आणि धाकट्या आत्याला बधला नव्हता, तो पंख पसरून उतरला आणि शेव टिपू लागला. अँटेनाची दांडी उसळली, पाइप माझ्या हातात गर्रकन फिरला आणि खाली टीव्हीवर मुंग्या धावू लागल्या. काकांनी जी किंकाळी फोडली ती मी त्यानंतर कधी ऐकली नाही. मागोमाग काकूंची आरोळी आली, कारण बहिणीने जिन्यातून दुसरी बातमी दिली होती: "शिवला! कावळा शिवला!"

पुढे काय झाले ते समोरच्या भाभींच्या घरातून कळले. तिथे एकदम गलका उठला, पोरे रस्त्यावर आली, आणि सहा-एक हा आकडा साऱ्या गल्लीने आमच्या घराला सांगितला. भारताने क्रोएशियाविरुद्धची पाच सामन्यांची ती लढत तीन-दोन अशी जिंकून डेव्हिस कपच्या सर्वांत वरच्या, जागतिक गटात पुन्हा जागा मिळवली.

काका बराच वेळ मुंग्यांकडे पाहत बसले होते. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पाच-एक झाल्यावर बाबांची खात्री पटली. उतरले." गुरुजींनी मान डोलावली, शास्त्रात याला आधार असल्यासारखी. काकू मला न्यायला वर आल्या तेव्हा कावळा उडून गेला होता. पानातले वडे जसेच्या तसे होते. त्यांनी वाकून पानात पाहिले, कठड्यावरचा एक पिवळा तुकडा बोटाने टिपला, माझ्या खिशाकडे पाहिले आणि काही न बोलता तो तुकडा पदराला पुसून टाकला.

"चल जेवायला," त्या म्हणाल्या. "हात धू आधी."