लाल बाण ऑटिझमचा की सॉसचा?

'लघवीच्या एका नमुन्यावरून ऑटिझम ओळखता येईल' हे एका लेखातलं वाक्य वाचून थांबलेच. आम्ही इंदूरला, ऑटिझम असलेला मुलगा नऊ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सुचवलं म्हणून लघवीची महागडी तपासणी केली. हिप्पुरिक ॲसिड नावाच्या घटकापुढे लाल बाण, म्हणजे प्रमाण जास्त! रात्रभर झोप नाही. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "हा खातो काय?" खातो पोहे, पण जिरावण (इंदुरी पोह्यांवरचा मसाला) आणि लिंबू पडलं की बशी सरकवतो, त्याला वरून टोमॅटो सॉसच हवा, अर्धी वाटी तरी. सॉस टिकावा म्हणून घातलेलं सोडियम बेंझोएट शरीरात हिप्पुरिक ॲसिड होऊनच लघवीवाटे बाहेर पडतं. अशा तपासणीत बघतात ते दुसरं रसायन, पी-क्रेसॉल, आतड्यातले जिवाणू टायरोसीनपासून (प्रथिनांतल्या एका घटकापासून) बनवतात, बद्धकोष्ठ असलं की ते वाढू शकतं, आणि या मुलांना बद्धकोष्ठ किती असतं ते आम्हा आयांना विचारा. आणि तिसरं, निओप्टेरिन, तर व्हायरल तापातही चढतं. लेखात आहाराबद्दल, पोटाबद्दल एक ओळ नाही.

आणि नमुना घेणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याने एकदा बघावं. प्लास्टिकची डबी दिसली की हा कानांवर हात ठेवून बाथरूमच्या कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी त्याच्याच निळ्या मगात जमलं, तेही दुपारी, सकाळची पहिली लघवी नव्हेच. संशोधन व्हावंच, पोटाच्या तक्रारी समजायला उपयोगही होईल. पण आमच्याकडे निदान झालं ते हाक मारल्यावर वळून न बघण्यावरून, बोट न दाखवण्यावरून. तासभर त्याच्याशी जमिनीवर बसून खेळणाऱ्या बाईंनी केलं.