काशिनावा भाषेला म्हणे व्याकरणच नाही!

भाचीने शाळेच्या प्रकल्पासाठी उतरवून घेतलेला एक फॉरवर्ड मला तपासायला पाठवला. त्यात म्हटलंय की अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या काशिनावा लोकांच्या भाषेला व्याकरण नाही, त्यांना दोनच्या पुढे मोजता येत नाही, ती बोलणारे मूठभर म्हातारे उरलेत आणि तरुणांनी ती आपणहून टाकली. असलं काही मुलांच्या वहीत जाऊ नये, म्हणून हे लिहितेय.

व्याकरण नाही? ब्राझीलचे इतिहासकार कापिस्त्रानो दे आब्रेउ यांनी दोन काशिनावा तरुणांकडून ऐकून १९१४ साली या भाषेवर सहाशेहून जास्त पानांचा ग्रंथ छापला. गावातलं जगणं, सण, जन्म-मृत्यू, पुराणकथा, सगळं मूळ भाषेत, सोबत पोर्तुगीज अर्थ. त्यालाही आता शंभरहून जास्त वर्षं झाली. आपण म्हणतो, ‘महादू गणूला भेटला आणि तो रडायला लागला.’ रडलं कोण? संदर्भावरून ताडायचं. काशिनावात आधीच्या क्रियापदाला लागलेला प्रत्ययच सांगून टाकतो, की पुढच्या क्रियेचा कर्ता तोच आहे की बदलला. अशा भाषेला व्याकरण नाही म्हणणाऱ्याने ती उघडूनही पाहिलेली नाही.

मोजण्याचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. मूळ संख्याशब्द मोजकेच आहेत, मोठ्या आकड्यांना पोर्तुगीज किंवा स्पॅनिश शब्द घेतात. म्हणून मोजता येत नाही? त्यांच्या बायका मागावर धाग्याला धागा जुळवून ‘केने’ नक्षी उठवतात.

मूठभर म्हातारे हेही खोटं. हे लोक स्वतःला हुनी कुईन म्हणतात. ब्राझीलच्या एकट्या आक्रे राज्यात ते दहा हजारांहून जास्त आहेत, शिवाय पेरूत पुरूस नदीकाठी त्यांची गावं आहेत. काही गावांत मुलं पोर्तुगीजच बोलतात, हे खरं.

पण ‘आपणहून टाकली’ हे वाक्य मला सहन होत नाही. रबराच्या धंद्यात बंदूकधारी टोळ्यांनी त्यांच्या वस्त्या उठवल्या, माणसं मारली. उरलेल्यांना रबर काढायला जुंपलं, एका मालकाने तर त्यांच्या हातांवर स्वतःची आद्याक्षरं गोंदवली. पेरूकडे १९५१ साली बाहेरून आलेल्या गोवराने बहुतेक प्रौढ माणसं गेली. आणि एवढं सोसूनही आक्रेतले हुनी कुईन शिक्षक १९८०च्या दशकापासून स्वतःच्या भाषेत शाळेची पुस्तकं लिहीत आहेत.