‘घरच्यासारखे’ म्हणून थांबवलेली माणसं

आमच्या जुन्या शूटिंग युनिटचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. 2025 मध्ये दीपिका पदुकोणच्या आठ तासांच्या शिफ्टच्या मागणीवरून वाद पेटला, तेव्हापासून तो धुमसतोय. परवा पुन्हा कुणीतरी लिहिलं, ‘आपल्याकडे युनिट म्हणजे घर. घरात कुणी घड्याळ बघतं का? ही तिकडची फॅडं.’ खाली मला टॅग करून, ‘लंडनवाल्यांना विचारा.’

विचारलंच आहे तर सांगते. मला राग आला तो ‘घर’ या शब्दाचा. तो मीही वापरलाय, आणि कशासाठी वापरलाय ते मला पक्कं ठाऊक आहे.

1994 ते 2006, बारा वर्षं मी मुंबईत जाहिरातींचं प्रॉडक्शन सांभाळलं. शिफ्ट नऊ ते नऊ. त्यापुढे थांबलं तर दीड शिफ्टचे पैसे, मग डबल. 1981 चा सिने-कामगारांचा कायदा तेव्हा होता आणि त्यात, कथापटांपुरता का होईना, लेखी करार सांगितला होता. लाइट, सेटिंग, स्पॉट यांतल्या एकाही माणसाच्या हातात मी असा कागद पाहिला नाही. सगळं तोंडी. पॅकअपला कन्व्हेयन्सचे पैसे हातात, आणि ‘उद्या सातला या’.

जिव्हाळा खोटा होता असं मात्र मला कुणी म्हणू नये. माझ्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा रक्त द्यायला सेटिंगचे चौघं सकाळी सहालाच हॉस्पिटलच्या दारात उभे होते. रात्रभर शूट करून, अंगावरचे कपडे न बदलता आले होते. आमचे लाइटदादा मूळचे कणकवलीकडचे, राहायला नालासोपाऱ्याला. डब्यातली तांदळाची भाकरी अर्धी मोडून माझ्यासाठी ठेवायचे. मला ताई म्हणायचे, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असून.

फेब्रुवारी 2003. महालक्ष्मीला एका स्टुडिओच्या फ्लोअरवर थंड पेयाचं शूट होतं. बाटलीवर ग्लिसरीन आणि पाण्याचा फवारा मारून घाम आणायचा, ग्लासात अ‍ॅक्रिलिकचा बर्फ, आणि वरून धार. ही धार स्लो मोशनसाठी सेकंदाला 150 फ्रेमला घ्यायची. चोवीस फ्रेमला साधारण साडेचार मिनिटं चालणारा चारशे फुटांचा रोल तिथे पाऊण मिनिटही पुरत नाही. म्हणजे दर एक-दोन टेकला रोल बदला, कॅमेऱ्याचा गेट तपासा, ग्लास पुसा, बर्फ पुन्हा रचा. धार मनासारखी पडली की फेस चुकायचा. फेस जमला की बाटलीवरचा थेंब नको तिथे ओघळायचा. आणि मॉनिटरसमोर बसलेल्या क्लायंटला ‘अजून एक’ हवाच असायचा.

त्या दिवशी दादांच्या धाकट्या बहिणीची हळद होती. रोजंदारी बुडवणं परवडणारं नव्हतं, लग्नाचाच खर्च डोक्यावर होता, म्हणून ते कामाला आले होते. संध्याकाळी सहाला माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, ‘ताई, आज आठला सोडाल काय?’ बाटलीच्या मागचा लाइट त्यांनीच बांधला होता. बोटभर हलला तर पेयाचा रंग मरायचा. मी म्हटलं, ‘दादा, एवढी धार होऊ दे. तुम्ही घरचे आहात, तुम्हाला काय वेगळं सांगायचं?’

पॅकअप झालं रात्री अडीचला. शेवटची विरार केव्हाच गेली होती. पहिल्या गाडीपर्यंत ते थर्माकोलच्या शीटवर आडवे झाले. कपाळाला हळद लागली नव्हती.

मी त्यांना बाहेरच्या कुणासारखं वागवलं असतं, तर नियम तरी दाखवावा लागला असता. घरचे म्हटल्यावर तेवढीही गरज पडली नाही. ग्रुपवर ‘घर घर’ करणाऱ्यांत स्वतःच्या गाडीने घरी जाणारे किती आणि चारच्या लोकलची वाट बघणारे किती, हे एकदा मोजा. दादा त्या ग्रुपवर नाहीत. त्यांना कुणी घेतलंच नाही.

इथे लंडनला कमर्शियलचा, म्हणजे जाहिरातीच्या शूटचा, दिवस दहा तासांचा, अधिक जेवणाचा एक. दोन दिवसांमध्ये अकरा तासांची विश्रांती, 1998 पासून कायद्यातच आहे. आठवड्याच्या 48 तासांच्या मर्यादेवर पाणी सोडणाऱ्या कागदावर इथलेही बरेच जण सही करतात, ते मला माहीत आहे. पण सही करतात, म्हणजे आधी विचारलं जातं. आणि थकलेलं शरीर कुठल्याही देशात सारखंच. 1997 मध्ये अमेरिकेत ब्रेंट हर्शमन हा कॅमेरा असिस्टंट 19 तासांच्या दिवसानंतर गाडी चालवत घरी निघाला आणि वाटेत अपघातात गेला. त्यानंतर हॅस्केल वेक्सलरसारखा नावाजलेला छायालेखक ‘बारा तास काम, बारा तास विश्रांती’ म्हणत वर्षानुवर्षं भांडला. याला फॅड म्हणायचं?

इथपर्यंत माझं म्हणणं ठाम आहे. पुढचं ग्रुपवर लिहिणं मला जमलं नाही.

लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत वेळ संपते, फर्स्ट एडी, म्हणजे पहिला सहायक दिग्दर्शक, रॅप म्हणतो, स्पार्क, म्हणजे इथले लाइटवाले, केबल गुंडाळतात, आणि वीस मिनिटांत कार पार्क रिकामा. डायनिंग बसमध्ये ज्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं जेवले, त्यांच्यातल्या कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते मला माहीत नाही. आई गेली तेव्हा कॉल शीटवर माझ्या जागी दुसरं नाव आलं. कार्ड आलं, फुलं आली, सगळे नीट वागले. मला मात्र हॉस्पिटलच्या दारातले ते चौघं दिसत राहिले. वेळेवर सुटून मी जाते कुठे, हा प्रश्न मला लंडनभोवतीच्या M25 हायवेवर रोज पडतो. मला ती माणसंही हवी आहेत आणि आठ वाजताचं पॅकअपही. दोन्ही मागण्यात चूक आहे असं मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

रविवारी दादांना फोन केला. ते आता गावीच असतात. म्हणाले, ‘तिथं शिफ्ट कितीची?’ मी सांगितलं, दहा आणि जेवणाचा एक. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे नवाला लावली तर आठला सुटका. त्या दिवशी हळदीला पोचलो असतो.’

माफी मागायला मला वीस वर्षांहून जास्त लागली. ती मी मागितली.

‘तसं नाय ओ ताई,’ ते म्हणाले, ‘मी नुसता हिशेब केला.’