साडेतीनशे रुपयांचा पंचम

काल फ्रीजवाल्याला साडेतीनशे रुपये मोजले. फ्रीजला काहीही झालेलं नव्हतं.

तर झालं असं की मी सकाळी मोबाईलवर तानपुरा लावून बसलो की स्वयंपाकघरातून हूंऽऽऽ सुरू. माझी पट्टी, म्हणजे गाताना धरायचा सा, पेटीची काळी एक, म्हणून पंचम काळी चारला, आणि हा आवाज पांढरी पाच न् काळी चारच्या अधेमधे. तीव्र मध्यम ओलांडलाय पण पंचमाला पोचायची इच्छा नाही, पुलावर बंद पडलेल्या रिक्षासारखा. बायकोला विचारलं तर म्हणे मला नाही येत ऐकू. विषय संपला.

शेवटी मेकॅनिक बोलावला.

"काका, कूलिंग होतंय?"
"होतंय."
"पाणी गळतंय?"
"नाही."
"मग झालंय काय?"
"बेसूर आहे."

त्याने माझ्याकडे नाही, बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "ते गातात." हे तिने ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात लोक "त्यांना शुगर आहे" सांगतात.

मग पठ्ठ्याने फ्रीज पुढे ओढला, स्क्रूड्रायव्हरचं टोक कंप्रेसरला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मैफिलीत मी मिटतो तसे! "कंप्रेसर एक नंबर. आवाज त्याचा नाहीच, तुमच्या वरच्या स्टॅबिलायझरचा आहे, आतले पत्रे सैल झालेत." बटण बंद केलं. शांतता. मी पंधरा दिवस ज्या आवाजाची श्रुती मोजत होतो तो येतोय कुठून एवढं साधं मला कळलं नव्हतं.

एवढ्यावर थांबावं की नाही? "आणि काका, वर कुणाच्यातरी पंख्याचं बेअरिंग गेलंय." बायको तर खूशच, तिने त्याला मिक्सर ऐकवला, मग वॉशिंग मशीन, मग चहा दिला, आलं घालून. मला सकाळी बिनआल्याचा होता. आणि हे सगळं निदान करताना तो जे गाणं गुणगुणत होता ते एका ओळीत तीन पट्ट्या फिरून येत होतं हो!

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. पान्टेव्ह आणि मंडळींनी 2001 साली दाखवलंय की व्हायोलिनवाल्यांचा मेंदू व्हायोलिनच्या सुराला जास्त जोरात प्रतिसाद देतो आणि ट्रम्पेटवाल्यांचा ट्रम्पेटच्या. ज्याचं त्याचं वाद्य. म्हणजे या मेकॅनिकचं वाद्य कंप्रेसर, त्याला मी काय करणार. 1974 च्या एका प्रयोगात असं निघालं होतं की शिकलेल्या गवय्या-वादकांना चाल उजव्या कानाने जास्त चांगली ओळखू येते आणि न शिकलेल्यांना डाव्या. मला नेमकं आठवतंय, मूठ डाव्या कानाला होती. तेवढंच समाधान.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या लोकांनी तर 2009 मध्ये म्हटलं होतं की संगीतकारांना गोंगाटातही बोलणं जास्त नीट कळतं. हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, परवा दूध उतू जातंय हे मी तीनदा सांगितलं होतं.

पण एक सांगतो, माझा कान चुकला नव्हता! आपली वीज 50 हर्ट्झची, स्टॅबिलायझरमधल्या ट्रान्सफॉर्मरचं लोखंड एका आवर्तनात दोनदा ताणतं-आकसतं म्हणून गुणगुण 100 ची. पांढरी पाच 98, काळी चार जवळजवळ 104. मी अधेमधे म्हणालो होतो की नाही? पण असल्या कानाला इथे विचारतो कोण, गणपतीत खिडक्या थरथरेपर्यंत डीजे लावणाऱ्याला कुणी बोलत नाही, मी एका खोक्याबद्दल बोललो तर मी विक्षिप्त.

आणि स्टॅबिलायझर दुरुस्त झालाच नाही. "ते आम्ही करत नाय काका. व्हिजिटिंग चार्ज साडेतीनशे."

आज सकाळी तो बंद ठेवूनच बसलो. षड्ज लावला आणि वरून खर्रर्र... खर्रर्र... पंधरा वर्षं या घरात राहतोय, कधी ऐकू आला नव्हता. पट्टी अजून सापडलेली नाही.