पेढा अडतो, सुकट जाते

दसरा उलटला की चिपळुणातल्या आमच्या गिरणीसमोर भाजणीच्या डब्यांची रांग लागते. डबा दळून होईपर्यंत माणसं समोरच्या पायरीवर टेकतात. तिथले कायमचे मानकरी म्हणजे नाना, मास्तर, भाई आणि गृहउद्योगवाल्या मंदाताई. मी आपला ऐकायला. मध्येच पिंट्या टपकतो. तो कुरिअरच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे गावात कोणाचं पोर कुठल्या देशात आहे आणि त्याला किती किलो चिवडा लागतो, याची खडान्‌खडा माहिती त्याच्याकडे.

त्या दिवशी मास्तर म्युनिकला मुलाकडे पाठवायचा खोका घेऊन आले होते. पिंट्याने पायरीवरच यादी वाचली. चकल्या, कडबोळी, भाजणी, कुळथाचं पीठ, आमसुलं, पाव किलो कंदी पेढे.

"काका, पेढे काढा."

"का रे? आजच आणलेत."

"ताज्या-शिळ्याचा प्रश्न नाही हो. युरोपात बाहेरून दुधाचं नि मटणाचं काही येऊ देत नाहीत. बॅगेतून नाही आणि पार्सलातूनही नाही. जनावरांचे रोग शिरतात म्हणून. खोका उघडला गेला तर पेढे कचऱ्यात, आणि त्यांच्यापायी चकल्याही अडकायच्या."

भाईने सहज विचारलं, "आणि सुकट?"

"सुकट चालते. मासळीला माणशी २० किलोपर्यंत सूट आहे. सुकवलेली, खारवलेली, कोळंबीसुद्धा."

भाई मांडीवर थाप मारून हसला. "ऐकलंत मास्तर? तुमचा पेढा अडला, आमची सुकट निघाली जर्मनीला! यंदा पोराला सोडे पाठवा." मास्तरांच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा चढत नाही. ते नुसते चष्मा पुसत राहिले.

नानांना एवढी फट पुरली. "मी तेच म्हणतो. कशाला हा उपद्व्याप? मालापेक्षा भाडं जास्त. माझा पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तिथे ओक ट्री रोडवर गेलं की कोकमापासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. चकलीसुद्धा. तुमच्यापेक्षा कुरकुरीत."

"कुरकुरीत असेल," मंदाताई म्हणाल्या, "पण नाना, तुम्ही खाल्लीत कधी?"

"फोटो पाहिला."

यावर पायरी हसली, पण पिंट्याने नानांची बाजू उचलली. २०२५ च्या दिवाळीआधी अमेरिकेची जी तऱ्हा झाली, ती त्याने काउंटरवर बसून भोगली होती. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला जकात माफ होती, ती सवलत त्यांनी २९ ऑगस्टपासून काढली. इकडे आपल्या टपाल खात्याने २५ तारखेपासूनच बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, पुढे पत्रंसुद्धा. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा दिवाळी दारात, आणि भारतातून टपालाने जाणाऱ्या मालावर जाहीर किमतीच्या निम्मी जकात. मधल्या दिवसांत माणसं त्याच्या काउंटरवर येऊन त्यालाच शिव्या घालून गेली. "जसा काय मीच कर लावला!"

मग त्याने आपली पोतडी उघडली. दुबईला फराळ जात असेल तर अनारशावर आणि करंजीच्या सारणात खसखस नको. अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या हिशेबात धरतात. स्वयंपाकघरातल्या डब्यातली चिमूटभर खसखस, आणि तिच्यापायी पोराला विमानतळावर उभं करायचं. विमानाच्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोत, तेल सुटून पेट घेतात म्हणून त्या धोक्याच्या मालात. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची बाटली नको, ती झिरपणारच. अमेरिकेला घरी केलेला पदार्थ करणाऱ्यानेच भेट म्हणून धाडला तर त्यांच्या अन्नखात्याला आगाऊ कळवावं लागत नाही, विकतचा असेल तर कळवावं लागतं.

"म्हणजे मास्तरीणबाईंचा लाडू घरचा नि माझा दुकानाचा?" मंदाताई उसळल्या. "मी काय कारखान्यात वळते? त्याच चुलीवर वळते ना!"

"ताई, कायदा मी केला नाही."

"तू काहीच केलेलं नसतंस. निम्मी जकात तेवढी लावलीस."

मला वाटलं होतं, मंदाताई फराळाच्या बाजूने तुटून पडतील. पोटच त्याच्यावर आहे. पण त्यांनी भलताच सूर लावला. त्यांची लेक सिडनीला. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना जाहीर करावी लागते, दूध, बिया, ताजा पाला याबाबत तर ते लोक फार कडक. पहिल्या वर्षी लेकीचा अर्धा डबा विमानतळावरच गेला, तेव्हापासून मंदाताईंनी पाठवणं बंद केलं ते केलंच.

"दिवसभर जगाच्या पोरांचे डबे भरते, माझ्या पोरीला काही जात नाही," त्या म्हणाल्या. "पण दुपारी आमसुलं निवडायला बसले की फोन डब्याला टेकवून ठेवते. तिकडे रात्र झालेली असते, ती भांडी घासत असते. बोलत आम्ही दोघीही नसतो फारसं. मध्येच विचारते, दारावर कोण आलं गं? मी सांगते, मासेवाली. कोळंबी कितीला दिली? मग मी भाव सांगते, ती म्हणते, तुला फसवलंन. सिडनीत बसून मला सांगते फसवलंन! काय बरं वाटतं म्हणून सांगू."

"हा काय विषय झाला फोनवर बोलायचा? कोळंबीचा भाव?" नाना म्हणाले. "महिन्यातून एकदा खुशाली कळली, पुरे. आमच्या वेळी पत्र यायचं. सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवणे. संपलं."

"तुमच्या वेळचं मला सांगू नका," भाई म्हणाला, आणि मग बराच वेळ भाईच बोलला.

भाई ऐन विशीत कुवेतला गेला, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. इथल्या खाडीकाठच्या गावांतून आखाताला जायची वाट तेव्हाही मळलेली होती. फोन महाग. पत्र लिहायला आईला येत नव्हतं. म्हणून घरून कॅसेट यायची. कोणी सुट्टी संपवून परत निघाला की गावभरचा माल त्याच्या बॅगेत कोंबायचा: कोणाची सुकट, कोणाचे पापड, कोणाच्या तांदळाच्या शेवया, आणि त्यांच्यात रुमालात गुंडाळलेली कॅसेट. बॅगेतले स्वतःचे कपडे काढून दुसऱ्याच्या सुकटीला जागा करणारी माणसं होती ती, भाई म्हणाला.

"आई चुलीशी बसूनच टेप चालू करायची. अर्धी कॅसेट तव्याचा चर्र आवाज. मध्येच ओरडायची, कोंबडं आत शिरलं, हाकला रे! मग सांगायची, यंदा पडवीची कौलं शाकारली, मामू वरून घसरला पण लागलं नाही. शेजारणीची म्हैस व्याली. अमक्याने बांध सरकवला. मुद्द्याचं एक वाक्य नाही. आम्ही आठ जण एका खोलीत, आणि कोणाचीही कॅसेट आली तरी आठही जण ऐकायचे. दुसऱ्याच्या म्हशीचंसुद्धा आम्हाला कौतुक."

"आणि खाणं?" मी विचारलं.

"खाणं आठवड्यात संपायचं. कॅसेट तीन-तीन महिने वाजायची."

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. भाई इतरांबरोबर कसाबसा जॉर्डनला अम्मानपर्यंत आला आणि तिथून सरकारने चालवलेल्या विमानांपैकी एकाने मुंबईत उतरला. त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं परत आणली होती. अंगावरचे कपडे आणि पासपोर्ट, बाकी सगळं तिकडे, कॅसेटीही. तो जिवंत आहे हे घरी कळलं ते तो एसटीतून उतरून अंगणात उभा राहिला तेव्हा.

"आणि २०२१ ला ते उलटं झालं," भाई म्हणाला.

२२ जुलै २०२१ आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वाशिष्ठी रात्रीतून चढली, बाजारपेठ, मुरादपूर, पेठमाप सगळं पाण्याखाली. वीज गेली, पाठोपाठ मोबाईलचे टॉवर गेले. भाईचा मुलगा तेव्हा दोह्यात. त्याला टीव्हीवर सगळं दिसत होतं. एसटीचे आगारप्रमुख रोकड जवळ घेऊन तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिले, हे त्याला तिथे बसून कळलं. बाप माळ्यावर चढला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. भाई माळ्यावर बसून भिजलेल्या तांदळाचं पोतं बघत होता, आणि पोरगा दोह्यात चॅनेल बदलत होता.

"रेंज आल्यावर पहिला फोन लागला तेव्हा त्याने काय विचारलं असेल? मी म्हटलं, सगळे ठीक आहोत. तर म्हणाला, ते सोडा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते सांगा. पायऱ्या मोजून सांगितल्यावर रडला."

नाना थोडे नरमले, पण हार मानणाऱ्यांतले नव्हेत. "ती आणीबाणी झाली. रोजचं वेगळं. रोज काय सांगायचं? आणि तुझा पोरगा रडला ना? म्हणूनच म्हणतो, वाईट बातमी तिकडे कळवू नये. तो तिथून करणार काय? रात्रभर जागणार, एवढंच. मास्तरांनी बरोबर केलं."

आता मास्तरांनी काय केलं होतं, हे पायरीवर निम्म्यांना ठाऊक नव्हतं. मास्तर चपापले. नानांनीच सांगून टाकलं. मे महिन्यात मास्तरीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूचंच, पण नंतर सूज आली, आठवडाभर काही दिसत नव्हतं. मुलाला कळवलं नाही. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा, मास्तर कॅमेरा स्वतःकडे वळवून सांगायचे, आई देवळात गेली आहे. मुलाला पत्ता लागला तो एका नातेवाइकाने स्टेटसला टाकलेल्या फोटोवरून. फोटो वाढदिवसाच्या केकचा, मागे खुर्चीत काळा चष्मा लावून मास्तरीणबाई.

"मग?" मंदाताईंनी विचारलं.

"मग काही नाही. भांडला नाही." मास्तर खोक्याच्या पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले. "तेव्हापासून फोन येतो. कसे आहात? बरे आहोत. जेवलात? जेवलो. बाकी काय? बाकी काही नाही. पाच मिनिटांत ठेवतो. मी म्हटलं, दिवाळीचा खोका जरा मोठा पाठवू यंदा."

मला स्वतःला नानांचं म्हणणं मुळीच पटत नाही, आणि मी तिथेही ते बोललो. मुलाने लपवलं तर आपण आकाशपाताळ एक करतो. नोकरी गेली आणि सांगितलं नाही, ताप अंगावर काढला आणि सांगितलं नाही, की 'आम्ही परके का?' म्हणायला मोकळे. आपण लपवलं की ती माया. पुन्हा बाहेर असलेल्या पोराला एकदा खोटं सापडलं की मग तो 'बरे आहोत' यातलं काहीच खरं धरत नाही. नंतर तुम्ही खरोखर ठणठणीत असलात तरी तो कॅमेऱ्यात तुमच्या मागची खुर्ची बघत बसतो.

"बरोबर," भाई म्हणाला. "आईने मामू घसरला हे सांगितलं होतं म्हणून मी 'लागलं नाही' यावर विश्वास ठेवला."

"तुम्हाला काय जातंय बोलायला," नाना चिडले. "मास्तरांचा पोरगा भावनाप्रधान आहे. विमान पकडून येईल, रजा नसेल, तिकीट महाग, आणि इथे येऊन डोळ्यात थेंब घालण्यापलीकडे काय करणार?"

"घालू दे की थेंब!" मंदाताई म्हणाल्या. "आईच्या डोळ्यात थेंब घातले तर त्याचे हात झिजणार आहेत?"

"अहो, त्याचं तिकडे—"

"तिकडे तिकडे काय करता नाना सारखं! आणि मास्तर, तुम्ही त्याला बाकी काही नाही म्हणून कसं सांगता? काल तुमच्या परसात माकडांनी पपया पाडल्या, सगळ्या आळीला माहीत. आज तुम्ही पेढे खोक्यातून काढलेत. हे सांगा ना त्याला. हसेल तरी."

पेढ्यांचं म्हणाल तर ते तोवर संपले होते. पुडा पायरीवर उघडा पडला होता आणि बोलण्याच्या भरात सगळ्यांत जास्त नानांनी खाल्ले होते. पिंट्याने खोक्याचं वजन पुन्हा केलं, नवा आकडा लिहिला, आणि रिकाम्या जागेत काय घालू म्हणून विचारलं. मंदाताईंनी पिशवीतून फणसपोळीची दोन पाकिटं काढून दिली. पैसे घेईनात. मग स्वतःच म्हणाल्या, दुकानाची आहेत, तसंच लिही बाबा, उगाच घरची म्हणून नको. पिंट्या म्हणाला, ताई, तो नियम अमेरिकेचा, हे जर्मनीला चाललंय.

तेवढ्यात मास्तर हळूच बोलले, "दुसऱ्या डोळ्याचं करायचं आहे. दिवाळीनंतर."

पायरीवर पुन्हा दोन तट. मी, भाई आणि मंदाताई म्हणालो, आजच्या आज कळवा. नाना म्हणाले, होऊन जाऊ दे, मग सांगा. पिंट्याचं मत कोणी विचारलं नाही, तरी त्याने दिलं: आधी सांगा, पण खोका पोचल्यावर सांगा. त्यावर भाईने त्याला वेड्यात काढलं. गिरणीवाल्याने आतून हाक मारली, मास्तरांचा डबा झाला होता. मास्तर उठले, पिठाचा गरम डबा काखेत धरला आणि म्हणाले, "आधी डॉक्टरांकडून तारीख तर मिळू दे."

"बघा, पुढे ढकललंन!" मंदाताई म्हणाल्या. मास्तर रिक्षात बसले तरी मंदाताईंचं नि नानांचं चालूच होतं.