लोळायला शिकवण्यासाठी कुत्र्याला पाडावं लागत नाही

कुत्रा पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला कित्येक वर्षं फिरतोय आणि आता त्याच्या रील्सही निघाल्यात. कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, असं त्यात म्हटलेलं असतं. कळपाचा म्होरक्या बाकीच्यांना उताणं पाडून धाक बसवतो, तसं तुम्हीही पिल्लाला धरून पाठीवर पाडा, धडपड थांबेपर्यंत दाबून ठेवा आणि 'रोल ओव्हर' म्हणत राहा. आठवड्याभरात ते हुकमावर लोळेल, शिवाय घरात मालक कोण हेही त्याला कळेल. खाऊ दाखवून शिकवलंत तर लाचावेल. आणि देशी कुत्र्याच्या नादी तर लागूच नका, त्याला काही येत नाही.

आधी लांडगा बघू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. म्होरक्याची ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाच्या १९४७ च्या निबंधातून पसरली. त्याने पाहिलेले लांडगे बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले, म्हणजे कुंपणात एकत्र कोंडलेले होते. त्यांच्यात मारामाऱ्या होणारच. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना उचलली आणि ती जगभर गेली. पुढे मेक स्वतः १९८६ पासून कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समीर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे रानटी लांडग्यांजवळ राहिले. तिथे त्यांना दिसलं ते एक कुटुंब: आई, बाप आणि त्यांची वेगवेगळ्या वयाची पिल्लं. म्होरकेपणासाठी रोजची झुंज वगैरे काही नाही. १९९९ मध्ये त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. ती छपाई अखेर २०२२ मध्ये थांबली.

बरं, लांडग्याची गोष्ट खरी धरली तरी सल्ला टिकत नाही. लांडग्यांत जो उताणा होतो तो आपणहून होतो. वरचा त्याला धरून आपटत नाही. मग माणसाने कुत्र्याला पाडायचं हे कुठल्या कळपातून आलं? न्यूयॉर्क राज्यात न्यू स्कीट नावाचा एक मठ आहे. तिथले साधू जर्मन शेफर्ड पाळतात. १९७८ च्या त्यांच्या पुस्तकाने पाडून दाबण्याचा हा प्रकार घरोघरी पोचवला. २००२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनीच तो काढून टाकला. फॉरवर्ड करणाऱ्यांपर्यंत दुसरी आवृत्ती अजून पोचलेली दिसत नाही.

'उताणा पडला म्हणजे शरण आला' हेही अर्धवट. खेळताना कुत्री किती वेळा पाठीवर पडतात ते सोसायटीच्या बागेत कुणीही बघावं. कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये खेळातल्या अशा २४८ लोळण्या तपासल्या. समोरच्याच्या आक्रमकपणापुढे शरण जाऊन घेतलेली त्यात एकही निघाली नाही. मानेचा चावा चुकवायचा, खालून उलटा चावा घ्यायचा, खेळ लांबवायचा, यासाठीच त्या होत्या. घाबरून उताणं होणारं कुत्रं वेगळं दिसतं. शेपूट पायांत, कान मागे, ओठ आवळलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, कधी थोडी लघवीही होते. दाबून ठेवल्यावर धडपड थांबते ती बहुधा अशीच. ते शिकलं म्हणून थांबत नाही, भीतीने थिजतं.

आणि प्रत्येक कुत्रं थिजतंच असं नाही. पेनसिल्वेनिया विद्यापीठात २००९ मध्ये १४० मालकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांनी पाडून दाबण्याचा प्रयोग केला होता त्यांच्यापैकी ३१ टक्क्यांनी सांगितलं की कुत्रं गुरगुरलं, दात दाखवले किंवा चावलं. ही कुत्री वागण्याच्या तक्रारीसाठीच दवाखान्यात आणलेली होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या घरातल्या टॉमीला लावू नये. पण दाबून धरताना त्याच्या दातांच्या सगळ्यात जवळ तुमचं तोंड असतं, एवढं लक्षात ठेवायला आकडा लागत नाही. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. घरचं कुत्रं आहे म्हणून टाळू नका.

आता मुख्य दावा: ढकलून उलटवलं की कुत्रं लोळायला शिकतं. नाही शिकत. बसलेल्या कुत्र्याला बाजूने ढकलून बघा, ते तुमच्याच हातावर रेलतं, कारण त्याला तोल सांभाळायचा असतो. म्हणजे आपण जी हालचाल शिकवतोय तिच्या नेमक्या उलट स्नायू ते वापरतं. शंभर वेळा उलटवलंत तरी लोळण तुम्हीच घडवता, त्याने ती एकदाही केलेली नसते. ती त्याच्या अंगातून यायला हवी असेल तर हात नाकाशी न्यायचा, पाठीला लावायचा नाही.

जागा चटईची किंवा गादीची असावी, गुळगुळीत फरशीची नको. वेळ जेवणाआधीची. 'डाऊन', म्हणजे हुकमावर पोट जमिनीला टेकून बसणं, येत असलं पाहिजे, त्याशिवाय पुढे जाऊ नका. कुत्रं खाली बसलं की त्याचा मागचा भाग कुठल्या कुशीवर कलतो ते पाहा आणि लोळण त्याच बाजूने शिकवा. खाऊचा तुकडा नाकाला जवळजवळ चिकटवून हळूहळू खांद्याकडे न्या. मान वळते, वजन एका कुशीवर येतं. द्या तुकडा. हे सहज जमायला लागलं की हात खांद्यावरून पाठीच्या कण्याकडे न्या, म्हणजे खांदा जमिनीला टेकतो आणि ते आडवं होतं. परत तुकडा. बहुतेकांची गाडी इथे अडते. कुत्रं अर्ध्यावर पडून टकामका बघत राहतं आणि माणसाचा हात नकळत ढकलायला जातो. तेव्हा तो हात मागे घ्या आणि एक पायरी मागे या. आडवं होणं त्याला आरामाचं वाटायला लागलं की तुकडा पाठीवरून पलीकडे गेल्यावर पायही आपसूक पलीकडे जातात. हात फार उंच नेलात तर ते उठून उभं राहतं, घाईने नेलात तर नाक सुटतं. चुका बहुधा याच दोन.

योग्य क्षणी 'शाब्बास' किंवा 'हां' असा एकच छोटा शब्द उच्चारायचा आणि मग तुकडा द्यायचा. ही युक्ती नवी नाही. बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये प्राण्यांना शिकवण्यावरच्या लेखात असा खूण देणारा आवाज सुचवला होता. हुकमाचा शब्द मात्र सगळ्यात शेवटी जोडा, हालचाल जमल्यावर. आधी शब्द, मग क्षणभर थांबून हाताची खूण. काही दिवसांत ते खुणेची वाट न बघता शब्दावरच वळतं. शब्द 'लोळ' असो की 'रोल ओव्हर', घरात सगळ्यांनी एकच ठरवा. आजी एक, नातू दुसरा, आणि वर 'याला कळतच नाही' ही तक्रार, असं नको.

खाऊने कुत्रं लाचावतं या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोष खाऊचा नाही. तुकडा महिनोन्महिने हातात धरून दाखवत राहिलं तर कुत्रं तुकडा पाहूनच लोळणार. म्हणून पाच-सहा वेळा नीट जमलं की त्याच खुणेने रिकामा हात फिरवायचा आणि बक्षीस दुसऱ्या हातातून द्यायचं. पुढे कधी तुकडा, कधी नुसतं कौतुक. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरे. उकडलेलं चिकन किंवा पनीर चालतं, आणि तेवढं रोजच्या जेवणातून वजा करा. ग्लुकोज बिस्किटांची गरज नाही. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट अजिबात नको, ती कुत्र्यांना विषारी असतात.

देशी कुत्र्यांबद्दलच्या ओळीवर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. कर्नाटकातल्या मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याला, आपल्याकडच्या कारवानच्या या भाऊबंदाला, लष्कराने मेरठच्या केंद्रात नेऊन प्रशिक्षण दिलं आहे. रस्त्यावरून आणलेलं देशी पिल्लू अंगावर वाकणाऱ्या माणसाला बिचकतं, हे खरं. म्हणजे पाडून दाबण्याची पद्धत त्याच्यासाठी सगळ्यात वाईट. दुरून, खाली बसून, नाकाशी तुकडा धरून शिकवलं की तेही शिकतं. मुधोळ-कारवानची पाठ हाडकुळी असते, त्यामुळे त्यांना कडक फरशीवर लोळायला सांगू नका.

काही कुत्र्यांना हा खेळ शिकवूच नये, आणि फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखही नसतो. डॅशहुंडच्या लांब पाठीत मणक्यांमधल्या चकत्या सरकण्याचा धोका जास्त असतो. खुबे दुखणारा जर्मन शेफर्ड किंवा म्हातारा लॅब्रॅडॉर यांनाही तो त्रासच. लोळायला नकार देणारं कुत्रं हट्टी आहे असं ठरवण्याआधी एकदा पशुवैद्याला त्याची पाठ आणि खुबे दाखवा. आणि नाहीच जमणार असं कळलं तर त्याला 'शेकहँड' शिकवा.