विमान पडलं तरी चालेल, शीर्षक पडता कामा नये

सर्वप्रथम अभिनंदन. रिमोटवरच्या विमानांचे व्हिडिओ टाकायचं तुम्ही ठरवलं आहे, म्हणजे खिशात थोडे पैसे आहेत आणि मनातली भीडभाड संपली आहे. विमान अजून घेतलं नसेल तर हरकत नाही, त्याची घाई नसते. आधी शीर्षक ठरवा. मग त्या शीर्षकाला शोभेल असं विमान शोधा. नाही सापडलं तर मिळेल त्या विमानाला तेच शीर्षक चढवा. या छंदातली जुनी माणसं नेमकं उलटं करतात. वर्षभर बाल्साच्या, म्हणजे हलक्या लाकडाच्या, पट्ट्या घासतात, माळावर जाऊन विमान उडवतात, धड उतरवतात आणि व्हिडिओला नाव देतात ‘रविवारचं उड्डाण’. अशांकडून लँडिंग शिकावं, शीर्षक शिकू नये.

पहिली गोष्ट, विमान ओळखीच्या नावाचं हवं. आपल्याकडे कुठलीही टूथपेस्ट म्हणजे कोलगेट, तसं या छंदात उंचावर पंख असलेलं पिवळं काहीही दिसलं की ते ‘पायपर कब’. तुमचं विमान कुणी, कुठे, कशावरून कापलं याची चौकशी कुणी करणार नाही. पिवळा रंग द्या, बाजूने एक काळी वीज ओढा, झालं. कारागिरी नंतरची, आधी नाव हे त्या कबच्या जन्मापासूनच चालत आलं आहे. १९३० साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी, टेलर नावाच्या गृहस्थांनी एक छोटं विमान बांधलं आणि त्यावर ‘टायगर किटन’ नावाचं वीस अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. इंजिन वाघाचं पिल्लू, म्हणून विमान ‘कब’, म्हणजे पिल्लूच. त्या इंजिनाने विमान जमिनीपासून जेमतेम पाचेक फूट उचललं, तेवढ्यात धावपट्टी संपली. मग इंजिन काढून टाकलं आणि नाव ठेवलं! पुढे टेलर बाहेर पडले, पायपर मालक झाले, कारखान्याला आग लागून सगळं बिऱ्हाड लॉक हेवनला हललं, आणि बोधचिन्हावर वाघाचं नव्हे, अस्वलाचं पिल्लू येऊन बसलं. नाव तेच. ‘जे-३’ या नावाने त्यांनी जवळजवळ वीस हजार विमानं बनवली. मधल्या काळात त्यावर बरं इंजिन बसवलं होतं म्हणून ती उडाली, पण एवढा बारीक तपशील तुमच्या कामाचा नाही.

आता आकार. खऱ्या कबच्या पंखांची लांबी पावणेअकरा मीटर. त्याचं पाव आकाराचं मॉडेल करायचं तर पंख सुमारे २.७ मीटरचे होतात, म्हणजे गाडी मोठी हवी, ठेवायला खोली हवी आणि घरच्यांची संमती हवी. अमेरिकेत ‘जायंट’ म्हणवून घ्यायला एका पंखजोडीच्या विमानाला किमान ८० इंच लागतात असा तिथल्या मोठ्या मॉडेलवाल्यांचा रिवाज आहे. तुमचं विमान आहे ४८ इंचांचं, म्हणजे मूळ विमानाच्या नवव्या हिश्श्याचं. तरीही शीर्षकात ‘महाकाय’च लिहा. कॅमेरा गवतात ठेवा, विमान भिंगाला खेटून उभं करा आणि दूर मागे एखाद्या पुतण्याला उभं करा. पुतण्या जितका लहान, विमान तितकं मोठं. इंच मोजणारी माणसं सहसा शीर्षक वाचून आत येत नाहीत, त्यामुळे ती चिंता नको.

डब्यावरच्या नावाबद्दल मात्र कडवट निष्ठा बाळगा. एकाच साच्यातून निघालेलं फोमचं विमान दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतून विकलं जातं, हे बाजारात थोडं फिरलं की कळतं. तुम्ही फिरू नका. ‘अमुक विरुद्ध तमुक, अखेरचा निकाल’ असा व्हिडिओ करा, दोन्हींचे पंख एकमेकांवर बसवून पाहू नका आणि छातीठोकपणे सांगा की उजवीकडच्याची ‘क्वालिटी’ हाताला जाणवते. अमेरिकेत हॉबिको आणि होरायझन हॉबी या दोन मोठ्या कंपन्यांच्या चाहत्यांनी एकमेकांशी वर्षानुवर्षं असंच इमान राखून भांडण केलं. दोन्ही कंपन्या इलिनॉयमधल्या शॅम्पेन या एकाच गावच्या. २०१८ साली हॉबिको दिवाळखोरीत गेली आणि तिची बरीच जुनी नावं होरायझनने विकत घेतली. कालपर्यंत ज्या नावाला शिव्या दिल्या तेच एका सकाळी आपल्या घरचं झालं. अशा वेळी जुने व्हिडिओ पुसायचे असतात, मतं बदलायची नसतात.

मोटरचा आकडा निवडताना तर सोन्यासारखी संधी आहे. काही कंपन्या मोटरच्या आतल्या न फिरणाऱ्या भागाचं, म्हणजे स्टेटरचं, माप छापतात, काही बाहेरच्या फिरत्या डब्याचं. त्यामुळे आपल्या दुकानांत मिळणारी साधी २२१२ मोटर दुसऱ्या एखाद्या नावाखाली सहज अठ्ठावीसशेच्या घरात जाते. तुम्ही ‘२२१२ ते २८३० अपग्रेड’ असा व्हिडिओ करा. तांब्याची तार, चुंबकं, वजन सारं तसंच राहील, स्टिकर मात्र बदलेल. आणि ‘आता ताकद जाणवतेय’ असं म्हणायला विसरू नका.

बॅटरीवरचा ‘सी’ आकडा हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे, इथे जरा थांबतो. २२०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी २५ सीची असेल तर ती सतत ५५ अँपिअर देईल असा त्याचा अर्थ. हे शोभत नाही म्हणून तीच बॅटरी १०० सीची म्हणून मिळते, म्हणजे २२० अँपिअर. आता तिच्या टोकाला जो पिवळा प्लग असतो, एक्सटी-६०, तो त्याच्या नावाप्रमाणेच साठेक अँपिअरचा. आणि तुमच्या मोटरमागचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग, तीसचा. म्हणजे २२० अँपिअर निघाले, दाराशी साठांनाच आत घेतलं, पुढे तिसांचीच बसायची सोय. बाकीचे कुठे गेले हे विचारणाऱ्याला तुम्ही चॅनेलचा शत्रू समजा. शीर्षक लिहा, ‘१०० सी राक्षस!’ थंबनेलवर आगीचं चित्र टाका. ही लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी फुगली, भोसकली किंवा वाजवीपेक्षा जास्त चार्ज झाली तर आग खरोखरच लागते, पण ते थंबनेलमध्ये टाकण्यासारखं नाही. त्याने लोक घाबरतात आणि सामान घेत नाहीत.

आता शब्दसंग्रह. ‘जेट’ हा शब्द सढळ हाताने वापरा. खरं मॉडेल टर्बाइन केरोसिनवर चालतं आणि त्याच्या किमतीत चांगली दुचाकी येते. तुमच्याकडे आहे नळीत बसवलेला बॅटरीवरचा पंखा. नळी लांबट असली की पुरे. वेग सांगताना ‘स्केल स्पीड’ सांगा. विमान दहाव्या हिश्श्याचं असेल आणि ताशी ९० किलोमीटरने गेलं असेल तर दहाने गुणा आणि ९०० लिहा. ‘स्केल’ हा शब्द वर्णनाच्या तळाशी, जिथे कुणी पोचत नाही तिथे ठेवा. २०१७ साली जर्मनीत एका टर्बाइन मॉडेलने खरोखरच ताशी ७४९ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. कॅलिफोर्नियात डोंगराच्या पाठीमागच्या वाऱ्यात घिरट्या घालणारी, अजिबात इंजिन नसलेली ग्लायडर्स ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे गेली आहेत. तुमचा ९०० ऐकून या मंडळींनी खचून जाऊ नये एवढीच इच्छा.

आवाजाचं विसरू नका. मस्टँग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मॉडेल, उडवत असाल तर मोटरची खरी घरघर काढून टाका आणि तिथे रोल्स-रॉईस मर्लिनच्या बारा सिलिंडरांचा गडगडाट जोडा. पन्नास ग्रॅमच्या मोटरमधून तो कसा निघाला याचं आश्चर्य वाटण्याइतका वेळ पाहणाऱ्याला देऊ नका, लगेच कापा. कापण्याची सर्वांत महत्त्वाची जागा मात्र वेगळी. विमान उतरायला येतंय, चाकं जमिनीपासून हातभर वर आहेत, तिथे. पुढचं दृश्य थेट तुम्ही हसत विमान हातात धरल्याचं. हातात विमानाचा कोणता भाग आहे ते चौकटीबाहेर राहू द्या.

वजनाचा काटा उंबरठ्यावर थांबवा. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यान ‘नॅनो’ वर्गात मोडतं, त्यामुळे ‘फक्त २४९ ग्रॅम’ हे शीर्षक फार गोड दिसतं. बॅटरी काढून वजन करा. नियमांत वजन मोजतात ते उडताना असेल तेवढं सगळं, पण काट्यावर उडायचं थोडंच आहे?

आणि आता या धंद्याचं हृदय, नवशिका. त्याच्याशिवाय काही विकलं जात नाही. त्याला खरंतर हवं असतं उंच पंखांचं, हळू उडणारं, हात सोडला की स्वतः सावरणारं, दिसायला कंटाळवाणं ट्रेनर विमान. ते दाखवलंत तर तो एक घेईल आणि वर्षभर तेच उडवत राहील. तुम्ही दाखवा मस्टँग. पंख खाली, टोकाकडे निमुळते, वजनाच्या मानाने क्षेत्रफळ कमी. वेग जरा पडला की एका टोकाची उचल आधी जाते आणि विमान त्या बाजूला गिरकी घेतं. शीर्षक द्या, ‘पहिलंच विमान? हेच घ्या!’ आत विमानाचा तोल सावरणारा जायरो आहे हे सांगा, आणि जायरो आपटणं लांबवतो, टाळत नाही, हे सांगू नका. गुरुत्वमध्याचा तर उल्लेखच नको. पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण पाव हिश्श्यावर विमान बोटांवर तोलून पाहावं, शेपूट खाली झुकत असेल तर उडवू नये, हे दोन वाक्यांत सांगून होतं. पण त्या दोन वाक्यांनी मुलगा विमान आपटायचा थांबतो. मग तो दुसरं कधी घेणार? लिंबाच्या झाडात अडकलेला पंख, त्याच्या खाली मान वर करून उभा असलेला चौदा वर्षांचा मुलगा आणि पैसे देणारे त्याचे बाबा, हे तुमच्या व्हिडिओत येणार नाहीत. त्यांचा रविवार वेगळा असतो.

तो मुलगा विमान चिकटवायला बसेल, त्याचीही सोय करा. ‘पाच मिनिटांत दुरुस्ती’ असं लिहून इन्स्टंट ग्लू दाखवा. तुमचं विमान ईपीओ फोमचं, ते टिकतं. त्याचं थर्माकोलचं, ते त्या ग्लूने विरघळतं. फरक शीर्षकात मावत नाही.

डबा फुकट आला असेल तर थोडी अडचण आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलं आहे की फुकट मिळालेली वस्तूही लागेबांधा समजावी, आणि तो व्हिडिओतच, बोलून आणि लिहून, कळेल अशा भाषेत सांगावा. तुम्ही सांगा ना. शेवटच्या सेकंदाला, इंग्रजीत, मोटर चालू असताना. आणि शीर्षक ‘प्रामाणिक परीक्षण’ असंच ठेवा. जिथे प्रामाणिकपणा असतो तिथे हा शब्द लिहायची कुणाला गरज पडत नाही, पण तुम्हाला पडेल.

आमच्या माळावर एक काका येतात, एनसीसीच्या एअर विंगमध्ये कधीकाळी दोरीवरची विमानं फिरवलेले. त्यांचे व्हिडिओ पाहाच, काय करू नये ते कळेल. ‘वजन ७८० ग्रॅम, वारा आडवा, उतरताना चाक मोडलं.’ हे शीर्षक! पाहायला उरलं काय? आणि दुर्दैवाने त्यांना आदर्शही तसलाच मिळाला आहे. ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल नावाच्या ७७ वर्षांच्या, दृष्टी जवळपास गेलेल्या अमेरिकन गृहस्थांचं बाल्साचं मॉडेल कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून निघालं आणि ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. अटलांटिक ओलांडून तीन हजार किलोमीटर, इंधनासकट वजन पाच किलोच्या आत, एक चारस्ट्रोक इंजिन, दुकानातून आणून सुधारलेलं. आणि नाव काय, तर ‘टॅम ५’. ट्रान्स अटलांटिक मॉडेल, क्रमांक पाच. दुसरं नाव दिलं तेही चाचण्यांसाठी शेत वापरू देणाऱ्याच्या शेताचं. अहो, ‘दृष्टी अधू झालेल्या आजोबांनी समुद्रात सोडलं विमान, पुढे जे घडलं…’ एवढं तयार हातात असताना!

तुम्ही मात्र विमानावर काहीही लिहा, आकडा लिहू नका. पाच लिहिलंत की लोक आधीची चार कुठे आहेत ते विचारतात.